आठवी-नववीतली गिफ्टेड मुलं शाळेने ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर त्यांच्यासाठी करायचं काय?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी माध्यमिकला गणित शिकवते, आठवी आणि नववी. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी या वर्षी मनावर घेतलंय की शाळेत गिफ्टेड मुलांसाठी काहीतरी झालंच पाहिजे, आणि ते काम माझ्यासकट तिघांच्या गळ्यात आलंय. पहिल्याच मीटिंगला ठरलं की वार्षिक परीक्षेत नव्वद टक्क्यांच्या वर असलेल्यांची नावं काढायची, वर्गशिक्षकांनी त्यात आपापली एकदोन नावं घालायची आणि शनिवारी त्या सगळ्यांना एक जादा तास द्यायचा. यादी तिथल्या तिथे तयार पण झाली. तेव्हापासून मला चैन नाहीये.

कारण सांगते. मध्यंतरी नववीला एक छोटी चाचणी घेतली, त्यात एक प्रश्न होता की ३६० ला एकूण विभाजक किती. उत्तर २४. वर्गात कायम पहिली येणारी मुलगी, तिने १ पासून ३६० पर्यंतचे सगळे विभाजक एकाखाली एक सुवाच्य लिहून काढले, मोजले, २४. पूर्ण मार्क. दुसऱ्या एकाने ३६० चे मूळ अवयव पाडले, खाली ४ × ३ × २ = २४ एवढंच लिहिलं, बाकी एक शब्द नाही. त्यालाही पूर्ण मार्क. तिसरा मुलगा म्हणजे ज्याचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर असतं आणि वही कधीच पूर्ण नसते, त्याचं उत्तर २३. चुकलं. पण समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं, "२३ येतायत पण हे बरोबर असूच शकत नाही, विभाजक जोडीने येतात, विषम यायला ३६० वर्गसंख्या असायला पाहिजे होती, एक कुठेतरी सुटलाय, वेळ संपला". हे मी त्यांना शिकवलेलं नाही. पुस्तकातही नाही. त्याचं त्याने काढलं.

आता आमच्या यादीत पहिली मुलगी आहे, दुसरा काठावर आहे, आणि तिसऱ्याचं नाव मी घेतलं तर एक सहकारी म्हणाले अहो मॅडम त्याला साधं पास व्हायची मारामार आहे. तर मला विचारायचंय असं की मार्क आणि शिक्षकांचं मत याच्यापलीकडे शाळेला परवडेल असं काय करता येतं, आयक्यू टेस्ट सगळ्यांची करणं आम्हाला शक्य नाही, आणि मुख्य म्हणजे एकदा मुलं सापडली की शनिवारच्या एका तासाने खरंच काही होतं का. कोणी प्रत्यक्ष शाळेत हे केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

वळणवाट

ताई, मी एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं हेच काम बघतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

सगळ्यात आधी यादी बाजूला ठेवा आणि शाळा देणार काय आहे ते ठरवा. बहुतेक शाळा उलटं करतात, आधी मुलं निवडतात आणि मग त्यांना काय द्यायचं याचा विचार करतात, मग त्या तासाला कोडी, प्रश्नमंजुषा, एखादं पोस्टर असलं काहीतरी होतं आणि दिवाळखोरी अशी की ज्या मुलाला गणितात दोन वर्षं पुढचं हवं होतं त्याला ते वर्गातही मिळत नाही आणि जादा तासालाही नाही. तुम्ही गणित शिकवता ना, मग फक्त गणितापुरतं बघा. "आठवी-नववीत गणितात पुढे कोण आहे आणि त्यांना पुढचं गणित कसं मिळेल" हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. "शाळेत गिफ्टेड कोण" हा सुटत नाही. या वयात एकाच मुलाची भाषा, गणित, चित्रकला, प्रयोग सगळं सारख्या उंचीवर क्वचित असतं. सगळ्या विषयांची सरासरी काढली की एका विषयात फार पुढे असलेली मुलंच नेमकी गळतात आणि सगळ्यात बऱ्यापैकी असलेली वर येतात.

दुसरं, वार्षिक परीक्षेचा पेपर या कामाचा नाहीच. तो वर्गाला पोर्शन आला का ते बघायला काढलेला असतो, त्यामुळे वरच्या टोकाला सगळे ९५ ते १०० मध्ये गर्दी करून बसतात. चार फुटी पट्टीने सहा फुटी माणसं मोजायला गेलं तर सगळे चार फुटीच भरणार. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅनली या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये जो प्रकल्प सुरू केला त्याचं मूळ हेच आहे. त्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलांना अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी घेतात त्या एसएटी परीक्षेतली गणिताची चाचणी दिली. शाळेच्या पेपरात सगळी एकसारखी दिसणारी मुलं या चाचणीत लांबच लांब पसरली, काही अगदी खाली, काही कॉलेजला जाणाऱ्यांच्या बरोबरीला. कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी पुढे ती मुलं काही दशकं फॉलो केली, तर वरच्या एक टक्क्याच्या आतसुद्धा जी मुलं आणखी वर होती ती पुढे डॉक्टरेट, पेटंट, संशोधन यात जास्त प्रमाणात दिसली. म्हणजे "हुशार आहे, त्याचं तो करेल, एवढं पुरे" असं म्हणून तिथे रेघ मारता येत नाही.

तुम्हाला एसएटी वगैरे काही नको. नववीला दहावीचा आणि त्याच्याही पुढचा थोडा भाग घेऊन आठदहा गणितांचा पेपर काढा, असा की पाठ केलेल्या पद्धतीने सुटणार नाही पण लागणारं ज्ञान मुलांकडे आहे, आणि तो सगळ्यांना द्या. हे सगळ्यांना देणं सर्वात महत्त्वाचं आहे. शिक्षकांनी नावं सुचवायची आणि मग फक्त त्यांचीच चाचणी घ्यायची, या पद्धतीत ज्याचं नाव कोणी सुचवलं नाही तो पहिल्याच दारात अडकतो, पुढची चाचणी कितीही चांगली असो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात आधी पालक-शिक्षकांच्या शिफारशीवर मुलं निवडत होते, २००५ च्या सुमाराला त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना भाषेवर न विसंबणारी एक चाचणी दिली. निकष बदलले नाहीत, फक्त बघितलं सगळ्यांना. तर गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं एकदम मोठ्या संख्येने सापडायला लागली. डेव्हिड कार्ड, ज्यांना नंतर २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी लॉरा जुलियानो यांच्याबरोबर याचा अभ्यास केलाय. पुढे पैशाअभावी ती सरसकट चाचणी बंद केली तर आकडे परत होते तिथे गेले! मुलं तीच, शाळा त्याच.

शिक्षकांचं मत टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. ते नाव वाढवायला वापरा, कमी करायला वापरू नका. चाचणीत आला तर आत, चाचणीत नाही पण शिक्षकाने असं काही बघितलंय की जे तुम्ही समासात बघितलंत, तरी आत. "दोन्ही पाहिजे" असा नियम केला की यादी दिसते छान पण गळती फार होते, कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच आणि प्रत्येक अटीला काही योग्य मुलं केवळ त्या दिवशीच्या वाईट नशिबाने पडतात.

आयक्यू परवडत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात दीड हजारावर मुलं आयक्यूवर निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्याच्या चाचणीत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बसली होती आणि दोघंही कटऑफच्या खाली राहिली. शॉक्लीला १९५६ ला आणि अल्वारेझला १९६८ ला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. आयक्यू टेस्ट निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही, पण एका दिवसाच्या एका आकड्यावर दार लावून घ्यायचं नसतं एवढं नक्की निघतं. दर वर्षी परत बघा.

पावसाळी_दुपार

शिक्षक नाही, पालक म्हणून लिहितेय. त्या २३ वाल्या मुलाबद्दल वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा आता दहावीत आहे. सहावीपर्यंत त्याच्या प्रगतिपुस्तकात एकच शेरा, अक्षर सुधारा, काम पूर्ण करा, लक्ष द्या. घरी हाच मुलगा जेवताना विचारणार की प्रकाशाला वजन नाही तर तो कृष्णविवरातून बाहेर का येत नाही. शेवटी आम्ही बाहेर मानसशास्त्रज्ञांकडे तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये शाब्दिक तर्क आणि आकृत्यांचा तर्क खूप वर, आणि लिहिण्याचा, काम उरकण्याचा वेग वयाच्या मानाने खाली. त्याला लेखनाची अडचण होती, डिसग्राफिया. दोन्हीचं मिळून जो एकूण आकडा आला तो साधारण बरा असा. शाळेने फक्त तो एकूण आकडा बघितला आणि म्हणाले की गिफ्टेड नाही आणि अडचणही एवढी काही नाही, म्हणजे त्याला दोन्हीकडचं काहीच मिळालं नाही. त्या मानसशास्त्रज्ञ बाई तळमळीने सांगत होत्या की एवढा फरक असताना एकूण आकड्याला अर्थच नसतो, वेगवेगळे आकडे बघा, पण ऐकायला कोणाला वेळ नव्हता. हुशारीने अडचण झाकली जाते आणि अडचणीने हुशारी, आणि मूल मधल्यामध्ये "आळशी" ठरतं.

आम्ही शाळा बदलली. नवीन शाळेत एका सरांनी एकच गोष्ट केली, त्याला उत्तरं टाइप करायची किंवा तोंडी द्यायची परवानगी दिली आणि अवघड गणितं लगेच सुरू केली. आधीच्या शाळेत कायम असं की आधी अक्षर सुधारू दे, नेहमीचं काम वेळेत करू दे, मग वरचं बघू. ते "मग" कधी आलंच नाही. ज्या मुलाला वर्गात रोज फक्त त्याचं न जमणारंच काम मिळतं तो कशाला लक्ष देईल हो? अवघड काम मिळायला लागल्यावर लिहायचा कंटाळासुद्धा कमी झाला, अक्षर अजून तसंच आहे.

म्हणून ताई, त्या मुलाला एकदा फळ्याशी उभं करून तोंडी विचारून बघा. आणि वेळेची मर्यादा काढून. त्याने स्वतःच लिहिलंय, वेळ संपला.

सरळरेषा

मी जरा वेगळं बोलतो, राग नको. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत, त्यात पंधरा जणांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही. माझा वेळ कुठे गेला पाहिजे? हुशार मुलाला घर आहे, क्लास आहे, पुस्तकं आहेत. शिवाय यादी लावली की पालक दारात, माझ्या मुलाचं नाव का नाही, आणि ज्यांचं नाव आहे ती मुलं महिन्याभरात बाकीच्यांशी बोलायची बंद होतात हे मी बघितलंय. उरलेल्या मुलांना आपण ढ आहोत असं शाळेनेच लेखी कळवल्यासारखं होतं. अवघड गणितं चांगली असतील तर सगळ्यांनाच द्या ना.

वळणवाट

सरळरेषा सर, यादी लावू नका याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, आमच्याकडे कुठेही यादी लागत नाही, नाव नाही, बिल्ला नाही. अवघड गणित सगळ्यांसमोर ठेवायचं, ज्याला झेपेल आणि ज्याला चिकटून बसावंसं वाटेल त्याने पुढे यायचं हेही बरोबर. जोसेफ रेंझुली या शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये जी मांडणी केली ती साधारण अशीच आहे, की सरासरीपेक्षा वरची क्षमता, कामाला चिकटून राहणं आणि सर्जनशीलता या तिन्हींचा मेळ जमतो तिथे मोठं काम होतं, आणि म्हणून वरच्या तीन-चार टक्क्यांवर रेघ न मारता पंधरा-वीस टक्के मुलांचा मोठा गट धरा, त्यात मुलं आत-बाहेर होऊ देत.

पण "हुशार मुलाला घर आहे, क्लास आहे" हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही सर. ज्याच्या घरी पुस्तकं नाहीत, क्लासला पैसे नाहीत, त्या हुशार मुलाला फक्त शाळा आहे. शाळेने हात वर केले की घरच्या जोरावर पुढे जाणारी मुलं तेवढी जातात. फ्लोरिडाचे आकडे हेच सांगतात. तुमचे पंधरा जण आणि हा मुलगा यांच्यात निवड करायची वेळ येऊ नये यासाठीच रोजच्या तासात बसेल असं काहीतरी पाहिजे, त्याला वेगळा शिक्षक लागत नाही.

ओंजळ

शाळा समुपदेशक आहे. शनिवारच्या तासाबद्दल बोलते, कारण तो विषय मागे पडतोय.

ज्या मुलाला आठवड्याचे बाकीचे सगळे तास आधीच येत असलेलं परत ऐकायला लागतं, त्याला शनिवारी एक तास बरं वाटेल, पण सोमवार तसाच. माझ्याकडे येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांमध्ये एक प्रकार नेहमीचा आहे, सातवीपर्यंत न अभ्यास करता पहिला येणारा मुलगा अचानक घसरतो. घरचे म्हणतात मोबाइल, संगत. खोलात गेलं की कळतं की या मुलाने आयुष्यात कधी न येणारी गोष्ट समोर घेऊन बसून काढलेलीच नाही, ती सवय लागायची वर्षं सोप्या कामात गेली, आणि आता पहिल्यांदा अडल्यावर त्याला वाटतं की आपली हुशारी संपली, आपण आतापर्यंत फसवत होतो. मग न केलेलं बरं, निदान नापास झालो तर अभ्यास नव्हता म्हणता येतं. म्हणून अवघड काम लवकर मिळणं ही चैन नाहीये, ती या मुलांची गरज आहे.

मुलींचं वेगळं असतं. बऱ्याच जणी याच वयात हात वर करायचा थांबवतात, उत्तर येत असून. शिक्षकांच्या नावं सुचवण्यात त्या मुली येतात त्या नीटनेटक्या वहीमुळे, विचारामुळे कमी. तुमची पहिली मुलगी बघा ना, तिने २४ विभाजक लिहून काढले कारण तिथे तेवढंच मागितलं होतं आणि तिला चूक परवडत नाही. तिला एकदा असा प्रश्न द्या की जिथे यादी करताच येणार नाही, ३६० च्या जागी बारा आकडी संख्या मूळ अवयवांसकट देऊन. मग कळेल ती कुठे आहे. कदाचित दुसऱ्याच्या बरोबरीला असेल.

आता पुढच्या वर्गात बसवणं. हे नाव काढलं की स्टाफरूममध्ये सगळे दचकतात, मोठ्या मुलांमध्ये कसा राहील, एकटा पडेल. यावर शंभर वर्षांचं संशोधन गोळा करून २०१६ मध्ये एक मोठा आढावा निघाला, त्यात पुढच्या वर्गात किंवा विषयापुरतं पुढे नेल्याने अभ्यासात स्पष्ट फायदा दिसला. वर्गातल्या वर्गात किंवा दोन इयत्ता मिळून पातळीप्रमाणे गट केले तरी फायदा. पण नुसत्या हुशार-ढ तुकड्या पाडल्याने फायदा दिसला नाही. सरळरेषा सर, तुमची भीती त्या बाबतीत अगदी योग्य आहे. आणि एकटं पडण्याचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी आयक्यू १६० च्या वरची साठ मुलं वीस वर्षं फॉलो केली, त्यात ज्यांना बरंच पुढे नेलं ती मैत्रीच्या आणि समाधानाच्या बाबतीत चांगली राहिली, आणि ज्यांना वयाच्या वर्गातच ठेवलं त्यातली बरीच एकटी पडली. आपण घाबरतो ते नेमकं उलट्या बाजूला घडतं.

तरी प्रत्येकाला ढकलायचं नाही. आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी वर्ग ओलांडण्याचा निर्णय घ्यायला एक मोजपट्टी केलीय, त्यातल्या दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर नाही. आणि ज्या वर्गात न्यायचं तिथे सख्खं भावंड असेल तर नाही. बाकी सगळं जुळत असलं तरी या दोन ठिकाणी थांबायचं. आणि पूर्ण वर्ग ओलांडण्यापेक्षा एका विषयापुरतं पुढे जाणं माध्यमिकला पुष्कळ सोपं आहे, नववीचा मुलगा गणिताच्या तासाला दहावीत जाऊन बसतो आणि परत येतो. अडचण फक्त वेळापत्रकाची.

एक सावधगिरी मात्र पालकांना आधी सांगून ठेवा. वर्गात पहिला असलेला मुलगा तोडीस तोड मुलांमध्ये गेला की सुरुवातीला स्वतःबद्दलचं मत खाली येतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवलंय आणि मी स्वतः दर वर्षी बघते. पहिले काही आठवडे रडारड होऊ शकते. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा लगेच लावायचा नाही, आठवड्यातून एकदा त्याच्याशी कोणीतरी बसून बोलायचं.

अकरावीत_आहे

मी स्वतः अशा ग्रुपमध्ये होते नववीत म्हणून सांगते. आमचा जादा तास म्हणजे बाकीच्यांना वीस गणितं तर आम्हाला चाळीस, त्याच प्रकारची. हुशार असल्याची शिक्षा वाटायची. दोन मुलांनी मुद्दाम पेपरात चुका केल्या बाहेर पडायला. ज्यात मजा आली ती एकच गोष्ट, एका मॅडमनी एक प्रश्न दिला आणि महिनाभर उत्तर सांगितलंच नाही, आम्ही चौघी मधल्या सुट्टीत त्याच्यावर भांडायचो. मला गणित तिथे आवडायला लागलं. प्लीज जास्त देऊ नका, वेगळं द्या. आणि जादा तासाला गेल्यामुळे खेळाचा तास बुडू देऊ नका, आमचा बुडायचा.

खडूफळा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे, रात्रभर वाचत होते. ओंजळ ताई, पहिल्या मुलीबद्दल तुम्ही म्हणालात ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच तिला तसा प्रश्न देते. पावसाळी_दुपार, तुमच्या सांगण्यावरून त्या मुलाला आज फळ्याशी बोलावलं, तोंडी विचारलं. त्याने सुटलेला विभाजक तर शोधलाच, वर विचारलं की बाई ज्या संख्यांना तीनच विभाजक असतात त्या सगळ्या मूळ संख्यांचे वर्गच का असतात, बाकी कोणी का नसतात. बाजूला सहकारी उभे होते, ते काही बोलले नाहीत, पण नंतर स्वतःहून म्हणाले चाचणी सगळ्यांची घेऊ.

मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले. वेळापत्रक या वर्षी बदलणार नाही, त्यामुळे दहावीत जाऊन बसणं पुढच्या वर्षीच. मग आत्ता, याच वर्गात, याच तासाला, मी एकटी काय करू? बाकीच्या पन्नास जणांना शिकवत असताना या चौघा-पाच जणांचं काय?

वळणवाट

याच्यासाठी आम्ही जे करतो त्याला पोर्शन आटवणं म्हणतो, आणि ते एकटा शिक्षक करू शकतो.

धडा सुरू करायच्या आधीच धड्याच्या शेवटची चाचणी घ्या. सगळ्यांना. ज्यांना पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर येतंय त्यांना तो धडा परत ऐकवू नका, फक्त जे एकदोन मुद्दे चुकलेत त्या तासांना फळ्याकडे बघायला सांगा, बाकीचे तास त्यांचे मोकळे. १९९३ मध्ये सॅली राइस आणि सहकाऱ्यांनी प्राथमिकच्या वर्गांमध्ये हे करून बघितलं, निवडलेल्या मुलांचा नेहमीचा चाळीस-पन्नास टक्के भाग काढून टाकला तरी त्यांचा निकाल खाली आला नाही. एवढा वेळ आपण त्यांचा वाया घालवत असतो. दर धड्याला गट नवा ठरतो, भूमितीत वेगळी मुलं येतात, बीजगणितात वेगळी, त्यामुळे कोणाला कायमचा शिक्का बसत नाही आणि पालकांना दाखवायला कागद असतो.

मोकळ्या तासात काय द्यायचं ते तुमच्या त्या विभाजकांतूनच निघतं. शंभराच्या आत सर्वात जास्त विभाजक कोणाला आहेत? ६०, ७२, ८४, ९० आणि ९६, पाचही जणांना बारा-बारा. याच पाच का? बरोबर बारा विभाजक असलेली सर्वात लहान संख्या ६०, तर बरोबर १६ असलेली कुठली, आणि ती शोधायला सगळ्या संख्या न तपासता काय करता येईल? विभाजकांची संख्या विषम असेल तर वर्गसंख्याच, हे तुमच्या मुलाला दिसलंय, आता ते दुसऱ्याला पटेल अशा भाषेत लिहून काढायचं. इथे ती पहिली मुलगी कामाला येईल कारण तिला नीट मांडता येतं, आणि दुसऱ्यालाही जरा शब्द वापरायला लागतील. तिघांना एकत्र बसवा. मागच्या बाकावर, वहीत, आवाज न करता. तुम्ही तासाच्या शेवटी दोनतीन मिनिटं जाऊन फक्त विचारायचं की कुठे अडलात, उत्तर सांगायचं नाही.

दोन नियम पाळा. या मुलांना बाकीच्यांना शिकवायला बसवू नका, कधीतरी ठीक, रोज नाही, ती शिकायला आलीत. आणि गृहपाठ राहिला म्हणून अवघड काम काढून घेऊ नका, शिक्षा वेगळी काय ती करा.

सरळरेषा

धड्याआधी चाचणी हे मला करून बघण्यासारखं वाटतंय. त्यात माझे पंधरा जणही कळतील, कोणाला मागचं काय येत नाही ते. एक विचारतो, पेपर तपासायचे कोणी आणि कसे? समासात लिहिलेलं बघायचं म्हणजे नुसतं बरोबर-चूक करून भागणार नाही.

वळणवाट

सर, आमच्याकडे असं करतो. नाव पेपरच्या मागे लिहायला लावतो आणि प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा तपासायचा. मार्क एका रकान्यात, आणि दुसऱ्या रकान्यात फक्त एवढंच की या पेपरात न शिकवलेली एखादी कल्पना दिसते का, हो किंवा नाही. उत्तर चूक असलं तरी हो असू शकतं. दोघांपैकी एकाने जरी हो लिहिलं तरी त्या मुलाशी पाच मिनिटं तोंडी बोलायचं, तिथे बरंचसं स्पष्ट होतं. वेळ ठरलेल्यापेक्षा दीडपट द्या, या पेपरात वेग मोजायचा नाहीये. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी हातात ठेवा आणि त्याच आठवड्यात त्यांचा घ्या, वर्षाच्या मध्ये नवीन आलेल्या मुलांचाही, कारण ती हमखास राहून जातात. खडूफळा ताई, पेपर काढलात की इथे टाका, दोनचार गणितं मीही सुचवतो.